साळ्याचा दोर

झाडावर चढता न येणाऱ्या पुरुषाला जिवतीच्या डोंगरात फारसं कोणी विचारत नाही. लालसूला मात्र विचारायचे, कारण लालसू दोर धरायचा.

त्या गावाची एक जुनी रीत होती. आग्या मोहोळ काढायला जो झाडावर चढेल, त्याच्या कमरेचा दोर खाली त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा. सख्ख्या भावाने नाही, मित्राने तर नाहीच. सख्ख्या भावाच्या मनात धुऱ्याबांधाचं काहीबाही असू शकतं आणि मित्र काय, आज आहे उद्या नाही. पण आपल्या बहिणीला विधवा करायला कोणता भाऊ हात सैल सोडेल? म्हणून दोर साळ्याचा. मध उतरला की पोळ्याचा पहिला तुकडा झाडाखाली पेनाला, म्हणजे त्यांच्या देवाला. दुसरा दोर धरणाऱ्याच्या तळहातावर. त्यानंतर चढणाऱ्याचं घर आणि बाकीचा गाव. मोठमोठे म्हातारे उभे असत, पण दुसरा तुकडा लालसूचा, आणि तो घेताना त्याची छाती जरा पुढे येई.

नाही तर लालसूकडे होतं काय? डोंगरउतारावरचा एक तुकडा, त्यात ज्वारी आणि थोडी कापसाची पऱ्हाटी. लहानपणी मोहोळाच्या माशांनी त्याला असं फोडून काढलं होतं, की तेव्हापासून दोन पुरुष उंचीवर गेला तरी त्याला अंधारी येई. बोलणंही बेताचं. पण त्याची थोरली बहीण नीलाबाई गावातल्याच इसरूला दिली, आणि इसरू म्हणजे आसपासच्या गावांत एक नंबरचा चढणारा. बहिणीच्या लग्नाने लालसूच्या आळणी जगण्यात मीठ पडलं. इसरू वर फांदीवर, लालसू खाली, आणि दोघांच्या मध्ये दोर. वरच्या फांदीवरून खाली आलेला दोर तो शेजारच्या झाडाला एक वेढा देऊन कमरेमागून घ्यायचा आणि पाय रोवून उभा राहायचा. वर न पाहता, नुसत्या ताणावरून त्याला कळे की भाऊजी आता पोळ्याजवळ पोचले, आता धूर देऊन राहिले, आता कापायला लागले. एवढी वर्षं झाली, पण त्याच्या हातून कधी वीतभरही दोर निसटला नव्हता. हे त्याला ठाऊक होतं आणि गावालाही ठाऊक होतं.

आता दोराचंही सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यातच आहे. पूर्वी दोर अंबाडीचा असे आणि तो साळ्यानेच वळायचा. होळी झाली की लालसू अंगणात बसून नवा दोर वळी आणि गेल्या सालचा बैलाच्या गळ्यात जाई. अंबाडीचा दोर एका मोसमाचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दुसऱ्या मोसमाला त्याचा भरवसा कोणी धरत नसे. मग जिवतीच्या बाजारात नायलॉनचे निळे दोर आले. गुळगुळीत, चकचकीत, पावसात कुजत नाहीत, उंदीर तोंड लावत नाही. लालसूनेच एक आणला. स्वस्तात मिळाला आणि वळायचा त्रासही वाचला. इसरूही खूश झाला. हा दोर कधी मरतच नाही असं दिसल्यावर तो कधी फेकायचा, हा विचार कोणाच्या डोक्यात येणार? एक मोसम झाला, दोन झाले, मग कोणी मोजेनासं झालं. मधल्या दिवसांत तो लालसूच्या छपरावर उन्हात पडलेला असे. कधी त्याने बैलबंडीवरचा कापूस बांधला, कधी वासरू. दोर बदलायची रीत गेली आणि धरायची तेवढी राहिली.

इसरूची पोरगी दिव्या चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती. तिनेच बापाला मधाच्या एका प्रशिक्षणाला पाठवलं. कोणत्याशा संस्थेने ते तालुक्याच्या गावी ठेवलं होतं. तिथे पांढरा जाळीचा पोशाख मिळाला, पोळ्याचा नुसता मधाचा भाग कापून बाकीचं कसं राखायचं ते दाखवलं. शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्याने पिशवीतून एक दोर काढला. डोंगर चढणारे लोक वापरतात तो. सोबत मांड्यांना आणि कमरेला बांधायचा पट्टा आणि एक लोखंडी खटका. इसरूने तो दोर हातात घेतला आणि बाजारात बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा किती तरी वेळ फिरवत राहिला. जन्मात स्वतःसाठी काही न मागणारा माणूस घरी येऊन बायकोला म्हणाला, की आपल्याला तसला एक पाहिजे.

किंमत ऐकून नीलाबाई आधी हसली. बाजारच्या दोराच्या किमतीत हा हातभरही आला नसता. पण मग तिने रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वतःच म्हणाली, की घ्या. दोन बोकड विकले. दिव्याने विचारपूस करून नागपूरच्या एका दुकानातून सगळं आणलं. दुकानदाराने तिला ऐकवलं होतं, महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार. दिव्याने ते घरी येऊन कौतुकाने सांगितलं. गावात मात्र दोन बोकड दोरापायी गेले म्हणून चारआठ दिवस नुसती चेष्टा चालली होती.

लालसूला नवा दोर पाहायला बोलावलं. अंगणातल्या आंब्याला बांधून दिव्या दाखवत होती. तिने खटक्यातून दोर ओवला, झटका दिला, आणि दोर जागच्या जागी घट्ट अडकला.

"मामा, हे आपोआपच धरते," ती म्हणाली. "खाली माणूस नसला तरी चालते."

पोरीच्या मनात काही नव्हतं. मामाचा उन्हात उभं राहायचा त्रास वाचला, एवढंच तिला वाटत होतं. लालसू हसला. दोर चाचपून चांगला आहे म्हणाला, काळा चहा प्यायला आणि घरी आला. पण वाटभर त्याच्या मनात एकच चाललं होतं. वर्षानुवर्षं उभा राहिलो मी, आणि हा कालचा दोर कानामागून आला नि तिखट झाला. खाली माणूस नसला तरी चालते. मग दुसरा तुकडा कोणाच्या हातावर ठेवणार, खटक्याच्या?

लालसू रुसला. रुसला म्हणजे भांडला नाही, भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याने बहिणीच्या घरी जाणं सोडलं. नव्या मोहफुलांचा सण आला. तो झाल्याशिवाय गावात कोणी नवं मोहफूल तोंडात घालत नाही. त्या दिवशी बहिणीने जेवायला बोलावलं, तर पोट दुखते म्हणून कळवलं. पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं, की लालसूले आता पेन्शन लागू झाली. सगळे हसले, लालसूही हसला आणि घरी येऊन न जेवता झोपला. दोराला काय कळतं भाऊजींचं पाऊल, असं तो एकटाच पुटपुटत राही. माणसाला मान दिला नाही तर माणूस सुकतो, हे खरंच आहे. पण मान कशासाठी मागतो आहोत, हेही कधी तरी पाहावं. ते लालसूने पाहिलं नाही.

शेवटी इसरू स्वतः आला. बहिणीचा नवरा आपणहून साळ्याच्या दारात येतो ही काही लहान गोष्ट नव्हे. तो ओट्यावर बसला, तंबाखू मळली, ज्वारीचं विचारलं, वासराचं विचारलं. दोराचं नाव काढलं नाही. उठताना चपला घालता घालता म्हणाला, "या मोसमात आपला जुनाच घेऊ. नवा माळ्यावर ठेवून देल्लो."

लालसूने नाही म्हणायला हवं होतं. एवढा जीव लावून घेतला आहे तर वापरा भाऊजी, मी तरीही खाली उभा राहीन, इतकं बोलला असता तरी पुरे होतं. दोर नवा आणि धरणारा जुना, असं चाललं असतं की. पण त्याला इतका आनंद झाला होता की त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला.

वैशाखातल्या एका सकाळी दोघं नाल्याकाठच्या मोठ्या काटेसावरीपाशी गेले. वर चांगली सुपाएवढी पोळी लटकली होती. इसरूने पेनापुढे नारळ ठेवला, पोशाख चढवला. लालसूने खांद्यावरचा निळा दोर उतरवून उलगडला. आता तो निळा कसला, पार विटून राखेच्या रंगाचा झाला होता. उलगडताना तळहात खाजला. पाहतो तर तळहाताला पांढुरकी भुकटी लागलेली, आणि बारीक कुसं टोचलेली. गेल्या मोसमातही थोडी लागली होती. या वेळी जास्त होती.

लालसू थांबला. भाऊजींचं घर काही लांब नव्हतं. बिडी ओढून होईपर्यंत जाऊन माळ्यावरचा दोर आणता आला असता. पण तो आणायचा म्हणजे भुकटी दाखवायची. भुकटी दाखवायची म्हणजे आपला दोर संपला म्हणायचं, आणि एकदा तो खटक्याचा दोर झाडाला लागला की तो कायमचाच लागणार. हे सगळं त्याच्या मनात एका दमात येऊन गेलं.

"दोर पाह्यलास?" इसरूने विचारलं. दर वेळी विचारायचा तसंच.

"पाह्यलं, भाऊजी."

खोटंही नव्हतं ते. पाहिला तर होताच. लालसूने मूठ झाकली आणि तळहात पँटीला पुसला.

इसरू चढला. खुंट्या ठोकत ठोकत वर गेला, फांदीवरून दोर टाकला, धूर दिला. नेहमीसारखं सगळं झालं. मधाचा डबा दुसऱ्या दोरीने खाली आला, लालसूने तो बाजूला ठेवला. मग इसरू उतरायला लागला आणि त्याचा सगळा भार दोरावर आला. लालसूने पाय रोवले, अंग मागे टाकलं आणि हाताहाताने दोर सोडू लागला. त्याच्या हातून काही चुकलं नाही. एकाएकी हातातला ताण गेला आणि लालसू मागच्या मागे बुडावर आपटला. वरून दोराची वेटोळी त्याच्या अंगावर पडली. किती हलकी होती ती. आपण का पडलो हे त्याला क्षणभर कळलंच नाही. मग फांद्या मोडल्याचा आवाज आला.

खालच्या एका फांदीवर आदळला म्हणून इसरूचा जीव वाचला. लोकांनी खाटेवर घालून त्याला रस्त्यापर्यंत आणलं, तिथून चंद्रपूरच्या दवाखान्यात आणि पुढे नागपूरला नेलं. जीव राहिला, पण कमरेखालचं अंग काही परत आलं नाही.

गावाने लालसूला एका शब्दाने दोष दिला नाही. देणार कसा? दोराचं टोक त्याच्या हातातच होतं. नीलाबाई तर भेटेल त्याला सांगे, "माह्या भावानं शेवटलोक दोर सोडला नाई." दवाखान्यात सांगे, बाजारात सांगे, पाहायला आलेल्या पाहुण्यांना चहा देता देता सांगे. बायाबापड्या लालसूचे हात हातात घेऊन पाहत. वाटे, सोलून निघाले असतील. त्या हातांना साधा ओरखडाही नव्हता. लालसू हात मागे घेई आणि लोक म्हणत, बिचारा भला माणूस, बोलत नाही.

एका सकाळी तो बहिणीच्या अंगणात लाकडं फोडत होता. तुटलेला दोर कुडाच्या कोपऱ्यात कोणीतरी टाकून ठेवला होता. दिव्याने तुटकं टोक उचललं, दोन बोटांत चोळलं, बोटांकडे पाहिलं. मग रांजणाकडे जाऊन हात धुतले. तेव्हापासून मामाला चहा आणून देताना ती खाली पाहून देई.

लालसू राबत राहिला. दोन घरांची शेती, बहिणीचं सरपण, इसरूला उचलून न्हाणीत नेणं, सगळं तोच करी. लोकांना ते प्रेम वाटे. प्रेम होतंच. पण रोज बहिणीच्या तोंडून आपलं कौतुक ऐकायचं आणि रोज गिळायचं, याच्यापेक्षा तिने चारचौघांत थोबाडीत मारली असती तर त्याला जेवण गेलं असतं.

दिवाळीच्या आसपास इसरूची पाठ थोडी ताठ राहू लागली. दिव्या म्हणाली, की खाटेवर आढ्याला दोर बांधला तर बाबा हाताने धरून स्वतः उठून बसतील. नीलाबाई माळ्यावरून पिशवी काढून घेऊन आली. दुकानातून आला तसाच होता दोर. वरची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती. दिव्याने गाठ शिकवली आणि लालसूने स्टुलावर चढून ती मारली. स्टुलावरही त्याने खाली पाहायचं टाळलं. इसरूने दोन्ही हातांनी दोर धरला आणि स्वतःला ओढलं. त्याचे खांदे अजून चढणाऱ्याचेच होते. तो उठून बसला. कितीतरी महिन्यांनी त्याला दारातून बाहेरचा डोंगर दिसला. नीलाबाईने पदर डोळ्यांना लावला. दोर कुरकुरलासुद्धा नाही. वर्षानुवर्षं पुरेल असा माल होता तो. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

दिव्या चंद्रपूरला परत गेली. दोन दिवसांनी नीलाबाई पाण्याला गेली असताना लालसू खाटेच्या पायथ्याशी बसला होता. त्याला राहवलं नाही.

"भाऊजी, त्या दोराले भुकटी सुटली होती," तो म्हणाला. "मले दिसली होती."

इसरू दोर धरून बसला होता.

"मले बी दिसली होती," तो म्हणाला. "तू हात पँटले पुसला तवा."

लालसूला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने विचारलं, "मंग चढले काऊन?"

"तू पाह्यलं म्हणालास. त्याच्यावर मी दुसरा दोर मांगितला असता, तं तुह्यापाशी काय राह्यलं असतं?" इसरू म्हणाला. "एकच तं मोसम, असं वाटलं मले. इतके मोसम गेले, हा बी जाईन."

म्हणजे दोघांनाही माहीत होतं. एकाने स्वतःचा मान राखला आणि दुसऱ्याने त्याचाच मान राखला. दोन बोकड विकून विकत घेतलेला शहाणपणा माळ्यावर पडून राहिला. घेताना किती विचार केला होता, किंमत परवडते की नाही, गाव काय म्हणेल. तो वापरायची वेळ आली तेव्हा दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. लालसू गुडघ्यात डोकं घालून रडला. मोठ्या माणसाने रडू नये तसा, आवाज करून.

जरा शांत झाल्यावर तो म्हणाला, की आता बाईला सगळं सांगतो. नीलाबाईला तो बाईच म्हणायचा.

"नको सांगू," इसरू म्हणाला. "नवऱ्याचे पाय गेले तिच्या. भाऊ तं राहू दे."

तेवढ्यात नीलाबाई आली. डोक्यावर गुंडभर पाणी, सोबत शेजारीण आणि तिच्याकडचा पाहुणा. पाहुणा पहिल्यांदाच गावात आला होता, त्याला नीलाबाई अंगणातूनच सांगत होती, की हाच माझा भाऊ, यानेच शेवटपर्यंत दोर सोडला नाही. लालसूने मान खाली घातली. इसरूने त्याच्याकडे पाहिलं आणि पाहुण्याला म्हणाला, की हो, खरं आहे.

त्या गावात आता तरणी पोरं पट्टा बांधून चढतात. दिव्याने आणखी तसले दोर आणून दिले. दर मोसमाला दोर तपासायचा आणि भुकटी सुटलेला जाळून टाकायचा, असं ठरलं आहे. साळे तरीही खाली उभे राहतात आणि दुसरा तुकडा अजून त्यांचाच आहे. म्हणजे लालसूचं काहीच जाणार नव्हतं. हे त्याला त्या वैशाखात कोणी सांगितलं असतं, तर किती बरं झालं असतं. पण सांगणार कोण, आणि त्याने ऐकलं तरी असतं का?

तो रोज संध्याकाळी बहिणीच्या घरी जातो. इसरू उठून बसायच्या आधी त्याला विचारतो, "दोर पाह्यलास?" लालसू स्टुलावर चढतो, आढ्यापासून खालच्या टोकापर्यंत दोर हातातून सरकवतो आणि दोन्ही तळहात उघडे करून भाऊजींना दाखवतो. मग इसरू दोर धरतो.